दहा नंबरला वाढलेली पोळी

सिंगापूरला, वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये, आमच्यापासून तीन दारं सोडून, एक स्पॅनिश फुटबॉलवाला राहायचा. असं सांगितलं की लोकांना वाटतं, कुणी मोठा, टीव्हीवरचा असणार. तसं नव्हतं हो. भाड्याचा फ्लॅट, बाहेर वाळत घातलेले लांबलचक मोजे आणि हातात भाजीची पिशवी. इथल्या एका क्लबकडून खेळायचा, करार एका हंगामाचा. हंगाम संपला की क्लब सांगणार, राहा, नाहीतर सामान बांधा. पाठीवर दहा आकडा, म्हणून आमच्या घरात त्याचं नावच पडलं दहा नंबर.

ओळख लिफ्टमध्ये झाली. लिटल इंडियातून कणकेची पिशवी घेऊन मी धापा टाकत होते, त्यानं काही न विचारता ती घेतली आणि दारात आणून ठेवली. आता दारात आलेल्या माणसाला आपल्यात कोरड्या तोंडी पाठवतात का? वाटीभर शंकरपाळे दिले. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती रिकामी नाही, त्यात एक संत्रं! मी विरघळलेच. म्हटलं, रिकामी वाटी परत करू नये हे ज्याला कळतं तो आपलाच.

त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. अडलं की माझी नात होतीच. मुलगा आणि सून सकाळीच चांगीच्या ऑफिसला निघून जायची. शाळा सुटली की घरात नात आणि मी, आणि सराव आटोपून येणारा हा.

बोलता बोलता त्याची सगळी कहाणी कळली. ऑलिव्हच्या झाडांच्या गावातला पोरगा. लहानपणी एका मोठ्या क्लबनं निवडून नेला आणि मिसरूड फुटलं तसा 'उंची कमी' म्हणून घरी धाडला. मग खालच्या दर्जाचे क्लब. एकानं दुसऱ्याला लोनवर दिला.

"म्हणजे काय गं?" मी नातीला विचारलं.

"दुसऱ्या क्लबला लेंड करतात, आजी. नंतर रिटर्न."

"माणूस उसना देतात? वाटीभर साखरेसारखा?"

तिनं ते त्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, हो, साखरच, फक्त परत मागायला कुणी आलं नाही. मग एक क्लब बुडाला. मग बर्फाच्या देशात दोन हंगाम, तिथं गुडघा दुखावला. मग थायलंड, मग इथे. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते, दर तीन वर्षांनी बदली, मी भांडी बांधून तयार. पण आमची नोकरी तरी पक्की होती. ह्याला दर वर्षी नव्यानं सिद्ध व्हायचं. तिशी उलटलेली, आणि इथे ठेवलं नाही तर पुढे कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मला मात्र त्याची गालफडं दिसायची. वर आलेली. जीव तुटायचा.

आता बघा, त्यांचा हंगाम ऐन भरात येतो तेव्हा आपला श्रावण लागतो. मग गणपती, नवरात्र, दसरा. दर दोन दिवसांनी काहीतरी गोडाचं. मी त्याला रोजच हाक मारायचे. तो यायचा, पाटावर मांडी घालता येत नसे म्हणून टेबलाशी बसायचा, आणि एक पोळी झाली की ताटावर हात धरायचा. "नो, आजी. नको." हा शब्द तो सगळ्यात आधी शिकला.

पण पहिलं 'नको' कुणी धरतं का? आमच्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, आपण वाढायचं, तिसऱ्यांदा म्हणाला तर त्याच्या बोटांमधून तूप सोडायचं. लगेच ऐकलं तर उलट घरी जाऊन म्हणतील, बाईनं आग्रहसुद्धा केला नाही. मी त्याच्या हाताच्या कडेनं पोळी सरकवायचे. वर तूप. तो नातीकडे बघायचा, नात खांदे उडवायची. "जस्ट ईट, लाह. तिला स्टॉप करता येत नाही." इथल्या पोरांच्या बोलण्याला हे 'लाह' चिकटलेलंच असतं.

गणपतीत मोदक किती खाल्ले ते मी मोजलं नाही. मोजू नयेच म्हणतात, दृष्ट लागते.

दसऱ्याच्या सुमारास नात मला मॅचला घेऊन गेली. स्टेडियम जवळच, फारशी गर्दी नव्हती. दहा नंबर पळत होता, पण मला सुद्धा दिसलं की बाकीचे पुढे जातात आणि हा मागून पोचतो. आमच्या पुढच्या रांगेत सपाता घातलेले एक म्हातारे चिनी अंकल जोरात काहीतरी ओरडले. आजूबाजूचे हसले.

"काय म्हणाले?"

नात बुटाची नाडी बांधायला वाकली.

"सांग ना गं."

"म्हणाले, नंबर टेननं बॉल गिळला का."

मांडीवर डबा होता. मॅच झाल्यावर त्याला द्यायला आणलेले बेसनाचे लाडू. तो डबा मला एकदम जड झाला. थोड्या वेळानं दहा नंबरला बाहेर बोलावून बाकावर बसवलं. पुढच्या मॅचला तर सुरुवातीपासूनच बाकावर.

मग नातीनंच त्याला विचारून घेतलं. क्लबात दर आठवड्याला वजन करतात. ट्रेनरनं सांगितलेलं जेवण ठरलेलं असतं, उकडलेलं चिकन, भाजी, साखर बंद. दुखऱ्या गुडघ्यावर जास्त भार नको म्हणून. आणि हा ते जेवून माझ्याकडे यायचा आणि पुन्हा जेवायचा.

"अरे बाबा, मग सांगितलं का नाहीस?"

तो बिचारा ओशाळला. "आय से नको, आजी. एव्हरी डे."

खरंच की. रोज म्हणत होता. त्याच्याजवळ तेवढा एकच शब्द होता, आणि त्यालाच मी शिष्टाचार समजले.

त्या दिवसापासून मी हाक मारणं बंद केलं. तूप कढवायचं तर वास जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचे. तर चौथ्या-पाचव्या दिवशी हा दारात उभा. "आजी अँग्री?" आता काय सांगू ह्याला! आत घेतलं, वाटीत वाफवलेले मूग दिले. त्यानं निमूट खाल्ले. तेवढ्यात त्याच्या आजीचा फोन आला, चित्र दिसणारा. काळ्या कपड्यातली म्हातारी, मागे भिंतीवर देवाची तसबीर. त्यानं फोन माझ्याकडे फिरवला. ती भराभरा बोलत सुटली, आणि मग त्याच्या गालाकडे बोट दाखवून, स्वतःचे गाल फुगवून, हात जोडले मला. डोळ्यांत पाणी तिच्या.

"ती काय म्हणते?"

"थँक यू म्हणते. किती वर्षांनी गाल भरले म्हणते." त्यानं सांगितलेलं नातीनं मराठीत केलं.

मी पण हात जोडले. दुसरं काय करणार? ज्या गालांनी त्याची जागा जायची वेळ आली, त्यांचेच आभार मानत होती बाई. मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं.

दिवाळीनंतर क्लबनं सांगितलं, पुढच्या हंगामाला नको. त्यानं मला समजावलं, गुडघा, वय, तरुण खेळाडू आलाय, "नॉट पोळी, आजी." मुलगाही म्हणाला, "आई, असं कुणाच्या पोळीनं करिअर जात नाही." जात नसेल. पण मॅचमध्ये ते मागून पोचणं मी डोळ्यांनी बघितलं होतं.

जायच्या आधी जेवायला बोलावलं. कॉजवेपलीकडे, मलेशियातल्या एका क्लबात त्याची चाचणी ठरली होती, पंधरा दिवसांवर. म्हटलं, एकच पोळी. एक केली नव्हती अर्थात, एक करता येते का? पण एकच वाढली. ती संपली. त्यानं ताटावर हात धरला आणि म्हणाला, "नको, आजी." पुन्हा म्हणाला, "नको, नको." आणि डोळे पोळ्यांच्या डब्याकडे, ओठांच्या कोपऱ्यात हसू. आमची रीत शिकला होता की काय कोण जाणे. बोटं सुद्धा जराशी फाकवलेली.

माझा हात तुपाच्या वाटीपर्यंत गेला. मग मी फडकं उचललं, पोळ्या झाकल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

तो क्षणभर तसाच बसला, हात ताटावर. मग उठून ताट स्वतः धुतलं आणि वाकून नमस्कार केला.

दोन-तीन महिन्यांनी नातीनं फोनवर त्याचा फोटो दाखवला. नवा क्लब, नवा रंग, पाठीवर दुसराच आकडा.

"बघ आजी, सिलेक्ट झाला. सो फिट लाह."

गालफडं पुन्हा वर आली होती. मी म्हटलं, छान झालं. आणि चष्मा काढून फोटो जवळ घेतला. त्या दिवशी त्याला अजून एक पोळी हवी होती का, एवढंच मला कळायला हवं होतं.