बोटांना न कळणारी आच

माझं बोट भाजलं हे मला वासावरून कळलं. भाकरी उलथताना काहीतरी करपल्यासारखं वाटलं. तवा पाहिला, भाकरी पाहिली, दोन्ही ठीक होते. मग हाताकडे पाहिलं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक पांढरं पडलं होतं आणि ते अजून तव्याच्या कडेलाच टेकलेलं होतं.

मला साखरेचा आजार आहे. आधी तळपाय बधिर झाले. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. मग हातांची बोटं आणि तळवे बधिर झाले. बीडच्या डॉक्टरने टाचणी टोचून पाहिली आणि सांगितलं, गेलेली जाण परत येईल असं धरून चालू नका. अशी स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात.

ते बोट बरं होतंय तोवर तळवा भाजला. वरणाचं भगुणं उतरवायला मी हाताशी असलेलं फडकं घेतलं. ते भाकरीला पाणी लावायचं फडकं, म्हणजे ओलंच. कोरडं फडकं आच अडवतं. ओल्यातलं पाणी तापतं आणि आच सरळ हातात येते. हे मला लहानपणापासून माहीत आहे असं मी समजत होते. माहीत मला नव्हतं, हातांना होतं. चटका बसायचा आणि हात आपोआप मागे यायचा. या वेळी तो मागे आला नाही. भगुणं मी सावकाश, नीट ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी तळव्यावर फोड आला.

नेमका दुसऱ्या दिवशी मुलगा आला, सुनेला घेऊन. ती दोघं बीडला असतात, कोर्टाजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याने माझा हातच धरला.

"माय, हे काय हाय?"

"फोड."

"ते दिसतंय मला. आता बास झालं. घराला कुलूप लाव आन बीडला चल."

सून म्हणाली, "आत्याबाई, मी काय तुमाला उपाशी ठेवीन का?"

"तू न्हाई ठेवणार. पर तिथं मला गॅसजवळ जाऊ देशील का?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. मला उत्तर मिळालं. दुसऱ्याच्या घरात ताट समोर येईपर्यंत भिंतीला टेकून बसणं मला जमणार नाही. मी मुलाला म्हणाले, "पुढल्या महिन्यात नारायणगडाला दर्शनाला येणार हायस ना? तव्हा माझे हात बघ. एक जरी नवा डाग दिसला तर मी गुमान गाडीत बसते."

"आन न्हाई दिसला तर?"

"तर पुन्हा कुलपाचं नाव काढू नको."

माझी शेजारीण हे सगळं भिंतीपलीकडून ऐकत होती. तिचा नवरा फळांचा गाडा लावतो. मुलगा आणि सून गेल्यावर ती आली.

"मावशी, जरा अक्कल लावा. तवर भाकरी माझ्याकडं खावा. गॅस पेटवूच नका, मंग फोड कावून येईल?"

"आन मंग पुढं?"

"पुढं खुशाल भाजून घ्या."

मला हसू आलं, पण तिचं ऐकलं नाही. स्वयंपाक न करता हात चांगले ठेवायचे असते तर बीडला जाऊनही ते जमलं असतं.

बोटांना, तळव्यांना कळत नसलं तरी मनगटाच्या वरच्या हाताला आच कळत होती. भांडं उतरवलं की मी तो हात त्याच्याजवळ न्यायचे, टेकवायचे नाही. इतकी वर्षं वापरलेली भांडी मी नव्याने ओळखायला बसले. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं झटकन तापतं, पार काठापर्यंत, आणि झटकन निवतं. स्टीलचं तसं नाही. ज्वाळेवर बूड करपायला आलं तरी काठ बराच वेळ कोमट असतो, आणि तिथेच माणूस फसतं. वडवणीच्या माहेरून आलेलं पितळी पातेलं सगळीकडून सारखं तापतं, त्याला कुठूनच धरायचं नाही. स्टीलची पळी उकळत्या वरणात ठेवली की वरणाइतकीच तापते, लाकडी डाव तापत नाही. सगळ्यांत लबाड लोखंडी तवा. तापायला वेळ घेतो आणि तापला की सोडत नाही. गॅस बंद करून, भाकरी डब्यात ठेवून झाल्यावर मी त्यावर चिमूटभर पीठ टाकलं, तर ते तांबूस झालं. काळा तवा गरम आहे की गार, हे नजरेला सांगता येत नाही. पिठाला येतं.

मग मी शिस्त लावली. ओलं फडकं परातीजवळ. कोरडं खिळ्याला टांगलेलं, जुन्या गोधडीचा जाड तुकडा. नायलॉनच्या लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचायचा, कारण तो पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. भांडं उतरवायचं ते सांडशीनेच. भाकरी तव्यावर टाकायला हात चालतो. पाणी मात्र काठीला बांधलेल्या चिंधीने लावायचं आणि उलथण्याने उलटायचं. पहिल्या पहिल्या भाकरी फाटल्या. थोड्या फाटलेल्या मी खाल्ल्या, जास्त फाटलेल्या शेजारणीच्या शेळीने.

खरी अडचण सवयीची होती. मी विसरले की हात पुढे जायचा. मी त्याला मोठ्याने रागवायचे.

"मावशी, कुणाला शिव्या देताय?" भिंतीपलीकडून आवाज यायचा.

"हाताला."

"ऐकतो का?"

"माझ्या पोराएवढंच ऐकतो."

नारायणगडाला जायच्या दिवशी दोघं सकाळीच आली. मुलाने चहासुद्धा घेतला नाही. माझे दोन्ही हात उजेडाला धरून उलटेपालटे केले.

"हे?"

"जुनं."

सुनेनेही वाकून पाहिलं. "जुनंच हाय हो," ती म्हणाली.

"त्याला काय अर्थ हाय," मुलगा म्हणाला. "गॅसजवळ गेलीच नसल ती."

"बस तिथं दारात," मी म्हणाले, "आन बघ."

मी गॅस पेटवला. परातीत पीठ घेतलं, मळलं, थापलं. तो दोनदा उठून पुढे आला, दोनदा मी त्याला खाली बसवलं. सून माझ्या काठीच्या चिंधीकडे टक लावून बघत होती. चार भाकरी झाल्या. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि पुन्हा त्याच्यापुढे धरले. त्याने ते पुन्हा उलटून पाहिले आणि जेवायला बसला.

जेवताना तो म्हणाला, "माय, भाकर पहिल्यासारखी न्हाई. कडक झाली."

"हात बी पहिल्यासारखे न्हाईत. दूध घाल आन खा."

त्याने दूध घातलं आणि खाल्लं. निघताना गाडी सुरू करत म्हणाला, "पुढच्या बारीला बी बघणार हाय मी हात."

"बघ की," मी म्हणाले.

ती दोघं गेली. तवा अजून निवला नव्हता. तो तसाच ठेवून मी आधी बाकीची भांडी घासायला घेतली.