जाड कापडावर टाका सोडते

रस्त्यात उतरवून टाकलेली लिंबू-मिरची दिसली, तर मुद्दाम तिच्यावरून गाडी नेणारा माणूस मी. भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी चहा मागवतो. पण आमच्या वरठीच्या घरी, भर दुपारी जे झालं... ते तुम्हीच वाचा अन् सांगा.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिची शिलाई मशीन कोपऱ्यात धूळ खात होती, म्हणून ऑनलाइन विकायला टाकली. 'स्थिती' म्हणून लिहिलं — 'एकदम उत्तम, काहीही दोष नाही.' खोटं होतं. जाड कापडावर ती टाका सोडायची, आई रोज कुरकुरायची. पण तसं लिहिलं तर घेणार कोण?

दोन दिवसांनी सिहोऱ्याच्या एक ताई आल्या. म्हणाल्या, शाळेची दप्तरं शिवायचा धंदा सुरू करायचा आहे, घर त्यावरच चालवायचं आहे. दप्तरं! म्हणजे जाडच कापड. मी घाईघाईनं मशीनवरची धूळ पुसली अन् ती पुढे सरकवली.

ताईंनी पिशवीतून दप्तराचं कापड काढलं अन् साबणाची वडी. शिवणीवर साबण घासला, मशीन चालवली. एकही टाका सुटला नाही.

"हे साबणाचं कुठं शिकल्या ताई?"

"अजी, तुम्हीच तं लिहिलं ना भाऊ! म्हणूनच आली मी. एवढं खरं कोन लिहिते आजकाल?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. माझीच जाहिरात, माझेच फोटो. खाली — 'जाड कापडावर टाका सोडते. शिवणीवर साबण घासावा. रागावू नये, मशीन रुसते फक्त.'

रुसते! हे आईचं बोलणं. अन् साबणाचं तर मलाही माहीत नव्हतं. माझ्या मोबाइलवर पाहिलं, तर तेच 'काहीही दोष नाही'. मी मोबाइल खिशात टाकला अन् मशीन उचलून बाहेर आणून दिली.

ताई खुशीत मशीन घेऊन गेल्या. बायकोला विचारलं, तर तीच भडकली, "मले काहून विचारून राहिले? मले तुमचा पासवर्ड तरी माहीत आहे का?"

लाज वाटली मला. खरं सांगतो, रडूही आलं. ॲपचा घोळ म्हणावा, तर ॲपला आईचा शब्द कुठून कळला?

मागच्या आठवड्यात जुना कूलर विकायला काढला. पंप गळतो, मागची जाळी सडली आहे, बटण दोनदा दाबावं लागतं — सगळं मीच आधी लिहून टाकलं. आईला पुन्हा त्रास कशाला?