मिस ऑर्लीनचे पिवळे कागद

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, मिस ऑर्लीनने व्हेनेटाचा हात हातात घेऊन विचारलं, "आईचा गुडघा काय म्हणतोय गं?" आणि तेव्हापासून व्हेनेटाच्या जिवाला घोर लागला.

व्हेनेटाची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या तळघरात सगळ्या गोतावळ्याला जेवू घातलं ते याच मिस ऑर्लीनने. मोठं पातेलंभर कोलार्डच्या पाल्याची भाजी, परातीएवढा मक्याचा पाव, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत ती स्वतः पाण्याचा घोटही न घेता डाव धरून उभी होती. ती हे विसरली? व्हेनेटा गडबडली आणि "बरा आहे" असं बोलून गेली. ते उत्तरही तिला आता सलत होतं. मेलेल्या आईचा गुडघा बरा असल्याचं सांगून ती घरी आली होती.

सोमवारी कामावर, मंगळवारी भांडी घासताना, तिच्या डोक्यात तेच. वय झालं म्हणून एखादी गोष्ट निसटते, असं ती स्वतःला सांगे. पण बेलवुड वस्तीत मिस ऑर्लीनच्या स्मरणशक्तीवर किती घरांचा संसार उभा आहे हे तिला ठाऊक होतं.

मिस ऑर्लीन टूम्सने एकतीस वर्षं शहरातल्या सरकारी शाळांच्या स्वयंपाकघरांत काढली. एका शाळेत कधी फार टिकली नाही. कुठे बाई आजारी पडली, कुठे नवं स्वयंपाकघर उघडलं की तिला धाडायचे. अशा अकरा शाळा झाल्या. शिक्षणखात्याचे साहेब शाळा बघायला यायचे ते पुढच्या दाराने, फुलांच्या कुंड्यांमधून. मिस ऑर्लीनने शाळा पाहिल्या त्या जाळीच्या केसटोपीखालून, ताटात बटाटा वाढता वाढता.

त्याच काळात शहरात मॅग्नेट शाळा निघाल्या. कुठली विज्ञानाची, कुठली नाचगाण्याची, कुठली स्पॅनिशची. त्या कुणा एका वस्तीच्या नव्हेत. शहरातल्या कुणीही अर्ज करावा आणि सोडतीत नाव निघालं तर जावं. पहिल्या वर्षी मिस ऑर्लीनला विज्ञानाच्या शाळेत धाडलं. पहिल्या दिवशी तिने दोनशे ताटं वाढली, आणि दोनशे पोरांच्या रांगेत बेलवुडचं एकही तोंड तिला दिसलं नाही. तिने चौकशी केली तर कळलं, अर्ज जानेवारीतच संपले होते. टेकडीवरच्या पैसेवाल्या घरांना रंगीत पुस्तिका पोस्टाने गेल्या होत्या. बेलवुडला मे महिन्यात, कुणाच्या तरी मेहुणीकडून, उडत उडत कळलं.

पुढच्या हिवाळ्यात तिने पिवळ्या कागदांवर पहिली यादी काढली. पिवळाच का, तर चर्चच्या कपाटात तेवढेच उरले होते. पुढे ती रीतच पडली. ज्या घरी शाळेत जायचं पोर, त्या घरी फ्रीजवर पिवळा कागद.

त्या यादीत जे असायचं ते शिक्षणखात्याच्या पुस्तिकेत कधी छापून आलं नसतं. शाळा जोखायची तिची एकच तऱ्हा: जेवणाची सुट्टी. "लिंडेन विज्ञान शाळा," ती लिहायची, "प्रयोगशाळा झकास. जेवायला अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत पोर गिळतं, जेवत नाही. सावकाश खाणारं मूल असेल तर दहा वेळा विचार करा." किंवा, "हार्पर कला शाळा. बस सहा वाजून पाच मिनिटांनी, मिट्ट काळोखात. पण मोठ्या बाई स्वतः ताट घेऊन पोरांत बसतात, आणि कोण जेवलं नाही ते त्यांना माहीत असतं." एका शाळेपुढे तर एवढंच होतं: "ताटं भरलेली परत येतात. का ते विचारून या."

व्हेनेटा कॉलेजात शिकलेली, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हुद्द्यावर. तिला आधी हे सगळं गावठी वाटलं होतं. मग तिच्या कॅमिलचं नाव हार्परच्या सोडतीत निघालं. बोलताना अडखळणारी तिची पोर, पहिले तीन आठवडे कुणाशी बोलली नाही, पण तिसऱ्या आठवड्यात मोठ्या बाईंचा फोन आला की कॅमिल दूध पीत नाही, तिला दुसरं काही चालेल का. त्या दिवसापासून व्हेनेटा मिस ऑर्लीनची झाली. निवृत्तीनंतरही म्हातारी दर शरदात शाळाशाळांतल्या वाढपी बायकांना भेटून यायची, शिसपेन्सिलीने पानं लिहायची. व्हेनेटा ती वाचून, शिक्षणखात्याच्या नियमांशी ताडून द्यायची, आणि मग चर्चमधली मुलगी ती टंकून छापायची. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

बुधवारी कामावरून लवकर सुटल्यावर व्हेनेटा कॅमिलला घेऊन ट्वायलाच्या केशकर्तनालयात गेली. महिन्यातून एकदा कॅमिलच्या वेण्या घालायच्या असत. ट्वायला हाताने वेणी घालते आणि तोंडाने अख्ख्या बेलवुडचा पंचनामा करते. तिची स्वतःची पोर जेसा, पाच वर्षांची, या ऑगस्टपासून शाळेत जाणार होती. जेसाला फेफऱ्याचा आजार. दुकानाच्या काचेतून समोर फ्रेझर रस्त्यावरची शाळा दिसते. मधे एक रस्ता आणि एक झेंड्याचा खांब. ट्वायलाचा सगळा हिशेब त्यावरच होता. झटका आला तर शाळेच्या परिचारिकेचा फोन ठेवेपर्यंत आपण तिथे.

ट्वायला सांगत होती की अर्ज भरून टाकला एकदाचा. चार शाळा लिहायला जागा, तिने गंमत म्हणून तीन लिहिल्या. स्पॅनिशची, हार्पर आणि ती नवी यंत्रांची.

"आणि फ्रेझर?" व्हेनेटाने सहज विचारलं.

"ती कशाला लिहू? ती आपलीच आहे," ट्वायला म्हणाली. "लिहिली की सोडतीचं यंत्र म्हणतं, घ्या, या बाईला घराजवळचीच हवी, आणि बाकीच्या खोडतं. सगळ्यांना माहितीये. मिस ऑर्लीननेसुद्धा लिहिलंय, वाच की."

आरशाला पिवळा कागद चिकटवलेला होता. व्हेनेटाने उठून वाचला. "फ्रेझर रस्ता: लिहू नका. ती तुमचीच आहे, तुम्हाला कुणी हलवू शकत नाही." दरवर्षीचंच वाक्य. आणि दरवर्षी ते खरं होतं. पण या वर्षापासून फ्रेझरलाच मॅग्नेट केलं होतं. निम्म्या जागा बेलवुडसाठी राखीव, पण अर्जात लिहील त्यालाच. न लिहिणाऱ्याला जिथे जागा शिल्लक असेल तिथे, मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला का असेना. शिक्षणखात्याने तसं ईमेलने कळवलं होतं. बेलवुडमध्ये शिक्षणखात्याचे ईमेल कोण वाचतं? बेलवुड पिवळा कागद वाचतं. आणि अर्जात बदल करायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

 ही गोष्ट व्हेनेटाने स्वतः नोव्हेंबरात मिस ऑर्लीनला सांगितली होती, तिच्याच स्वयंपाकघरात. म्हातारीने मान डोलावली होती, पेन्सिलही उचलली होती.

दुकानात पाच बायका बसल्या होत्या. इथे तोंड उघडलं तर रात्रीच्या जेवणाआधी गावभर होईल की मिस ऑर्लीनचं डोकं चळलं. चर्चचा कारभार बघणारा डीकन प्रूइट तर टपूनच होता. गेली दोन वर्षं तो चर्चच्या बैठकीत म्हणत होता, की मायबाप हो, आता वेबसाइट आहे, हे आजीबाईंचे कागद पुरे. व्हेनेटाने ट्वायलाला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की अर्जात चौथी शाळा फ्रेझर लिही, आजच.

"का?"

"उद्या सांगते. पण लिही."

ट्वायलाने कंगवा हवेतच धरला. "व्हेनेटा हॉल्सी, तुझी पोर हार्परला पोचली, आता माझ्या बाकीच्या शाळा खोडायला लावतेस? मिस ऑर्लीनचं ऐकू की तुझं?"

ती हसत म्हणाली होती, पण गंमत नव्हती ती.  ट्वायला लिहील की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

घरी येऊन तिने कॅमिलपुढे सूप ठेवलं आणि एका जुन्या पाकिटाच्या मागे नावं लिहायला घेतली. ज्यांची पोरं यंदा पहिल्यांदा शाळेत जाणार अशी घरं. अकरा आठवली. त्यातल्या सहांचे नंबर होते. चर्चच्या मुलीने कागद छापले होते एकशेवीस. मग तिला वाटलं, सरळ डीकनला कळवावं. त्याच्याकडे सगळ्यांचे नंबर, तो अर्ध्या तासात निरोप धाडील. मिस ऑर्लीनला कळायच्या आत सगळं निस्तरलं जाईल. म्हातारीला कशाला दुखवा? मायेपोटीच तर, असं ती मनाशी म्हणाली, आणि तिला ते फारसं पटलं नाही.

निदान मूळ पानात काय आहे ते बघावं म्हणून तिने खण उघडला. पेन्सिलीची पानं तिथेच होती, डिसेंबरात चर्चमधून टंकून परत आली तशी. त्यांची क्लिपसुद्धा निघालेली नव्हती.

डिसेंबरातली ती संध्याकाळ तिला आठवली. कॅमिलचा पुढल्या इयत्तेचा अर्ज, कचेरीतली वर्षअखेर, आणि दारात मिस ऑर्लीन. "वाचलंस ना पोरी नीट?" असं तिने पानं चर्चमध्ये न्यायला आल्यावर विचारलं होतं. व्हेनेटा "हो" म्हणाली होती. वाचलं नव्हतं. मागच्या वर्षीसारखंच असणार, सहा वर्षांत कधी चुकलं होतं?

तिने फ्रेझरचं पान काढलं. वाक्य तेच होतं. पण समासात, बारीक, थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं: "व्हेनेटाने काहीतरी बदललंय म्हणून सांगितलं. काय ते आठवत नाही. ती वाचताना दुरुस्त करील." चर्चमधल्या मुलीला समासातलं टंकायचं नसतं, हे तिला शिकवलेलंच होतं. समासात व्हेनेटासाठी निरोप असतात.

 व्हेनेटाने बाकीची पानं चाळली. मागल्या वर्षांत समासात असायचं "बसची वेळ बघ", "स्पेलिंग". यंदा जागोजाग होतं: "हे मी आधी लिहिलं का?" "मोठ्या बाईंचं नाव व्हेनेटाला विचार." एका ठिकाणी नुसतंच, "आज डोकं चालत नाही."

म्हणजे म्हातारीला ठाऊक होतं. आपलं काय निसटतंय हे तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त समासात लिहून व्हेनेटाच्या हवाली केलं, आणि निर्धास्त झाली. दुकानातून निघाल्यापासून व्हेनेटा जी चूक दुसऱ्याच्या म्हातारपणावर ढकलत होती ती तिच्या खणात क्लिप लावून पडली होती.

"मम्मी, सू-सूप गार होतंय," कॅमिल म्हणाली.

व्हेनेटाने पाकिटावरची अकरा नावं पाहिली. डीकनला फोन केला तर तो आधी कागदाची चूक सांगेल, मग फ्रेझरचं. आणि तिने स्वतः केला तर अनोळखी नंबर बघून निम्मी उचलणार नाहीत, उरलेली ट्वायलासारखी विचारतील, तुझं ऐकू की मिस ऑर्लीनचं. बेलवुडला ऐकायचं होतं मिस ऑर्लीनचंच. ती म्हणाली "लिही" तर ट्वायला दुकानाचं दार उघडं टाकून आधी लिहील. कोणी कोणी कागद नेला ते मिस ऑर्लीनच्या फ्रीजवर नावानिशी लिहिलेलं असे, आणि आठवणीचं काही असो, फ्रीजवरची यादी विसरत नाही.

पण त्यासाठी आधी तिला सांगायला हवं होतं. फ्रेझरचं. मग, "वाचलं" म्हणाले ते खोटं होतं हे. आणि मग, बहुधा आजच, दुसऱ्या कुणी चारचौघांत चुकून सांगण्याआधी, आई गेल्याचं. तो फोन कसा संपेल ते व्हेनेटाला दिसत नव्हतं. मिस ऑर्लीन रागावली तर बरं होईल. ती गप्प झाली तर काय करायचं?

सव्वासहा झाले होते. या वेळी म्हातारी शेगडीपाशी असते आणि सातव्या-आठव्या घंटीला उचलते. मधे ठेवून द्यायचा नाही असं स्वतःला बजावून व्हेनेटाने समासाचं पान समोर उभं केलं, आणि नंबर फिरवला.