प्रोसेसरची सोयरीक

आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जगातल्या कुठल्याही दोन गोष्टींची सोयरीक जुळवू शकतात, आणि जुळवू नये अशी एकही गोष्ट त्यांना आजवर सापडलेली नाही. आम्ही गंगापूरकडून शहरात आलो तेव्हा वडील मोंढ्यात पोती उचलायचे, आई लोकांकडं धुणीभांडी करायची, आणि आम्हाला कुणी खोली देत नव्हतं, कारण वडिलांच्या घोरण्यानं भिंतीपलीकडची माणसं उठून बसायची. मामांनी ठार बहिरा घरमालक शोधून काढला. म्हणाले, "त्याला ऐकू येत नाय, ह्याला गप झोपता येत नाय. जुळलं!" त्या पत्र्याच्या खोलीत मी शिकले आणि सिव्हिल इंजिनिअर झाले. आमच्या दोन्ही घराण्यांत पदवीचा कागद त्याआधी कुणी पाहिला नव्हता. हे मी मुद्दाम सांगते. मला सांगायला आवडतं.

मामा रिक्षा चालवायचे, पण ते स्थळं बघत फिरायचं निमित्त. माणसांची लग्नं तर त्यांनी जुळवलीच. शिवाय बिडकीनला चुलत्याच्या विहिरीसाठी मोटार पसंत करायची होती, तेव्हा तिला पाटावर बसवून तिचं माहेर विचारलं होतं. रिक्षात कुणाची छत्री राहिली आणि महिनाभर कुणी विचारायला आलं नाही, तर ती दुसऱ्या भिजणाऱ्या माणसाला द्यायचे आणि वर बजावायचे, "सुखात ठेवा हिला."

तर पदवी मिळाली आणि एका बिल्डरच्या ऑफिसानं मला परीक्षेचं काम दिलं: त्यांच्या बंगल्यातून फिरवून आणणारी फिल्म कॉम्प्युटरवर करून सोमवारी आणायची, पसंत पडली तर नोकरी. माझा कॉम्प्युटर सेकंडहँड, महिना मे, वर पत्रा. फिल्म अर्ध्यावर आली की प्रोसेसर तापायचा आणि सगळं धाडकन बंद. मैत्रीण म्हणाली, त्याच्यावरचा मूळचा पंखा फार चिल्लर आहे, परवडेल असा वेगळा कूलर बसव. मी वडिलांना सांगितलं. वडिलांनी, घरातल्या प्रत्येक मोठ्या प्रश्नाला करतात तेच केलं. मामांना फोन लावला.

मामा टोपी घालून आले. मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढल्यावर चप्पल काढून आत डोकावले आणि म्हणाले, "पोरगी तापट हाये, पण कामसू हाये. नवरा थंड डोक्याचा पाहिजे."

शनिवारी संध्याकाळी दुकानात आत्यापण आली, कारण स्थळ बघायला बाईमाणूस लागतं. दुकानदारानं रंगीत दिव्यांचा कूलर पुढं ठेवला. मामा म्हणाले, "वरातीत बरा दिसंल. संसारात काय कामाचा?" मग पाण्यावर चालणारा दाखवला. "लई महाग. अन् गळला म्हंजी?" शेवटी तांब्याच्या नळ्या आणि एकच मोठा पंखा असलेला साधा कूलर आला. मामांनी तो चालू करायला लावला, कान लावला. "बोलतो कमी. घरचं वळण चांगलंय." दुकानदारानं प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डाचं नाव विचारून हा त्यावर बसतो म्हणून सांगितलं, तर मामा आत्याला म्हणाले, "पत्रिका जुळली."

"चचा, पंखा है, दूल्हा नहीं," दुकानदार कळवळला.

"तुमचा पंखा असंल. आमचा जावई हाये."

मी उंची मोजायला टेप काढला, तर मामांनी माझा हात धरला. "येडी का गं तू? चारचौघांत नवऱ्याची उंची मोजत्यात व्हय? नजरेनं बघायची असती." त्यांनी नजरेनं बघितली. "बसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोसेसरवर लावायच्या पेस्टची इवलीशी नळी बघून ते हळहळले. "एवढीशी हळद? लाव की पोरीला भरपूर!" वाटाण्याएवढीच पुरते, जास्त लावली तर घाण होते, हे पटवताना मला घाम फुटला. कूलर झकास बसला. झाकण मात्र लागेना. जावई कॅबिनेटपेक्षा बोटभर उंच होता.

 परत न्यावा तर रविवार, दुकान बंद. सोमवार उद्यावर आलेला. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "दार उघडं ठिवा. मोकळ्या घरात पोरगी कमी तापती." आत्यानं भाकरीवर झाकायची जाळी आणून उघड्या बाजूला टेकवली. मी फिल्म सुरू केली. मामा समोर खुर्ची टाकून बसले आणि चहाला नाही म्हणाले. संसार रांगेला लागल्याशिवाय मुलीच्या घरचं घेत नसतात म्हणे. स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा चढला की मामा हळूच म्हणायचे, "दमानं, माय, दमानं." आदल्या दिवशी जिथं सगळं बंद पडलं होतं, ती जागा आली. गेली. दुपार कलली तेव्हा फिल्म पूर्ण झाली होती. मामांनी चहा मागितला, साखर जास्त.

आता लोक फोनवरच स्थळं बघतात. मामांना कुणी बोलवत नाही, आणि गुडघ्यांमुळं रिक्षाही विकली. माझ्या लग्नाबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत, फोन करतात आणि प्रोसेसरचं विचारतात, "नांदती का ती?" मी म्हणते, "नांदते, मामा." 

फिल्म त्या सोमवारी पसंत पडली. मी त्या ऑफिसात नोकरीला आहे.