पुढची गाडी थांबते

रिटायर झाल्यावरही त्याला सगळे कंट्रोलरच म्हणायचे. उभी हयात बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत गेली होती. गडी तसा साधा, पण एका बाबतीत हट्टी. लांबून येणारी बस उशिरा आली, तर तिच्यातल्या माणसांसाठी पुढची गाडी तो रोखून धरायचा. ड्रायव्हर हॉर्न बडवायचे, साहेब झापायचे, हा ढिम्म! "लेकरं घेऊन बाई फलाटावर बसून राहील, आणि तुम्हाला घरी जायची घाई?" असं वर ऐकवायचा. बरं, लोक दुवा द्यायचे, त्यामुळे आपलंच खरं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं. ती आता दूरच्या शहरात हॉस्पिटलात पडली होती. भाच्याचा फोन आला, "मामा, डॉक्टरांनी हात टेकलेत. सारखं तुमचंच नाव घेतेय. निघा लगेच."

थेट विमान नव्हतं. एका तिकिटावर जायचं तर पोचायला रात्र होणार होती. मग यानं मोबाइलवर डोकं लढवलं. मधल्या शहरापर्यंत एका कंपनीचं विमान, तिथून पुढं दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे दुपारीच ताईच्या उशाशी! मुलीनं ते बघून कपाळावर हात मारला.

"बाबा, ही तिकिटं वेगवेगळी आहेत. पहिलं लेट झालं तर दुसरं थांबायचं नाही."

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा यात!"

तिनं नाद सोडला. सोडायला नको होता, पण या माणसापुढं कोण डोकं फोडणार?

व्हायचं तेच झालं. पहिलं विमान उशिरा सुटलं. याच्या कपाळावर आठी नाही. हवाई सुंदरीला म्हणाला, "पुढच्या विमानाला जरा कळवा, माणूस येतोय म्हणून." तिनं हसून मान डोलावली, जशी ती सगळ्यांनाच डोलावते. झालं, हा निश्चिंत! उतरल्यावर लोक धावत सुटले, आणि हा पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत उभा. बॅग आली, तोंडावर पाणी मारलं, मग सावकाश बाहेर पडून दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर गेला.

"काका, बंद झालं काउंटर."

"अहो, पण मागचं विमान लेट होतं!"

"ते आमचं नव्हतं ना. आमच्याकडे तुम्ही आलाच नाहीत, एवढंच दिसतंय."

"विमान उभं आहे का अजून?"

"आहे. पण आता नाही घेता येत."

"मग पायलटला सांगा की, एक माणूस आलाय!"

पोरगी तशी भली होती. तिनं दुसरी विमानं शोधायला घेतली. सगळ्या कंपन्यांचं बघून झालं, पण उद्या सकाळच्या आधी जागा नव्हती. कंट्रोलर तिथंच खुर्चीवर बसला असताना भाच्याचा फोन आला. "मामा, तिच्या कानाला लावतो, बोला."

"ताई, बसलो गं विमानात," तो म्हणाला. "आलोच."

का बोलला असं? खरं बोलायला जीभच रेटेना. संध्याकाळी मात्र त्यानं भाच्याला सगळं सांगितलं, आणि रडला.

दुसऱ्या दिवशी तो पोचला, तेव्हा पलंग रिकामा होता. ती पहाटे गेली होती. एका तिकिटावर आला असता तर रात्रीच भेट झाली असती. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही निघालात म्हटल्यावर तिनं उशी उंच करायला लावली," भाचा म्हणाला. "दार दिसायला हवं म्हणाली. जरा पाऊल वाजलं की विचारायची, आला का?"

"मग तू काय सांगत होतास?"

"काय सांगणार, मामा? खाली आलाय, जिना चढतोय, म्हणायचो. रात्रभर तेच."