भरतच जाणारा नाश्ता

स्मूदी बाऊल खाऊन माणूस फुटत नाही. हे मी स्वतःच्या पोटावर सिद्ध केलं आहे.

त्या रविवारी आमच्या रियाचं पहिलं ख्रिस्तशरीर होतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा सोहळा (भुईगावात हे लग्नच समजा, फक्त नवरदेव नसतो!). मिसामध्ये, म्हणजे चर्चच्या उपासनेत, बायबलमधलं पहिलं वाचन करायचं होतं मला. माइकवर, अख्ख्या गावासमोर! आठवडाभर मी आरशासमोर आणि शेजारच्या कुत्र्यासमोर सराव करत होतो. कुत्र्याने अन्न सोडलं होतं.

"डॅडी, आज माझी इज्जत तुमच्या हातात आहे हां!" रियाने बजावलं.

मिसा लांबणार, मध्येच पोट ओरडायला नको. मी सकाळी लवकर उठून मोबाईलवर शोधलं: झटपट, पोटभरीचा नाश्ता. स्मूदी बाऊल!

"अरे, चहापाव खा ना गप!" साडीच्या निऱ्यांशी झगडत बायको ओरडली.

"क्लारा, जग कुठे पोचलं आणि तू अजून पावातच!"

वाडीतली केळी, चिकू, मूठभर ओट्स घेतले. राहिलं दही. फ्रिजच्या तळाशी झाकलेला टोप सापडला. आत पांढरं, घट्ट, आंबूस. ओतलं अर्धं मिक्सरमध्ये! वरून काजू पेरले. असा देखणा बाऊल झाला की खायच्या आधी मीच त्याला नमस्कार करणार होतो. चव जरा कणखर होती, पण आरोग्यदायी गोष्टी कणखरच असतात. चाटूनपुसून संपवला.

तेवढ्यात आईने फ्रिज उघडला.

"फुग्यांचं पीठ कोणी नेलं?"

"कसलं पीठ? दही होतं ते."

"दही? मेल्या, ताडी घालून आंबत ठेवलेला मैदा तो! पाहुण्यांना फुगे तळायचे होते!"

फुगे म्हणजे आमचे तळलेले गोल पाव. लिंबाएवढा गोळा तेलात सोडावा आणि चेंडू बाहेर काढावा!

"आई, ते पीठ... अजून फुगेल?"

"ऊब मिळाली की दुप्पट!"

"पोटात ऊब असते का गं?"

"तुझ्या? भट्टी आहे! आता वरून तेल पी, म्हणजे तळूनच निघतील!"

चर्चमध्ये बसेपर्यंत पिठाने काम सुरू केलं होतं. आधी पट्टा एक भोक मागे गेला. मग भोकंच संपली! कोटाचं बटण सुटून कोणाच्या तरी टोपीत विसावलं. रिया पांढऱ्या झग्यात पुढच्या बाकावरून माझ्याकडे डोळे वटारत होती.

"श्वास घे," क्लारा कुजबुजली.

"जागा नाही!"

माझं नाव पुकारलं. मी गेलो म्हणणं चूक आहे, आधी पोट गेलं, मग मी. दात आवळून एकेक ओळ वाचली. आतून काहीतरी वर येत होतं, मी ते स्वल्पविरामागणिक खाली ढकलत होतो. शेवटची ओळ संपली! आता फक्त "प्रभूचा शब्द" एवढं म्हणायचं राहिलं. मी तोंड उघडलं आणि...

असा ढेकर आला की पार उमेळे गावापर्यंत कावळे उडाले असतील! माइकने तो घुमवला, भिंतींनी परत पाठवला. रियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पण वाचणारा थांबला की काय म्हणायचं, हे आमच्या लोकांच्या हाडीमांसी मुरलेलं. अख्खं गाव सवयीने, एका सुरात म्हणालं,

"देवाला धन्यवाद!"

त्यात सर्वांत मोठा आवाज माझाच होता.