केळझरचा रस्सा आणि दिनकरची नोकरी

वर्ध्याच्या एका शाळेला गणिताचा शिक्षक हवा होता. मुलाखतीच्या पत्रात अट होती: 'उमेदवार आहारविहारात संयम पाळणारा असावा.' पगार बेताचाच, पण सोबत राहायला दोन खोल्या. त्या दोन खोल्यांसाठी माझा मित्र दिनकर संयमच काय, मौनसुद्धा पाळायला तयार होता. लग्नाला चार वर्षं झाली तरी तो, सुमनवहिनी आणि त्यांची लहान मुलगी वहिनींच्या भावाकडे पुण्यात मधल्या खोलीत राहत होते. त्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. घरातल्या कुणालाही स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तर तो पडदा सारूनच यावं लागे.

मुलाखत सोमवारी सकाळी आठला. दिनकरला एकट्यानं जायला धीर होईना म्हणून मी निघालो. हे कळताच आमच्या संपादकांनी 'जातोच आहेस तर तिथल्या साध्या राहणीवर दोन कॉलम आण, मंगळवारी रात्रीपर्यंत' असं सांगून माझी सहल सत्कारणी लावली. पुण्यातल्या जाणकारांनी, म्हणजे जे कधीच वर्ध्याला गेले नव्हते त्यांनी, आम्हांला सावध केलं. तिकडे उकडलेला भोपळा मिळतो. दिवे आठला मालवतात. हसायचं असेल तर आगाऊ परवानगी काढावी लागते. दिनकरनं हे इतकं मनावर घेतलं की आठवडाभर तो बिनतिखटाची भाजी खात होता.

शुक्रवारी दुपारी पुणं सोडलं आणि संध्याकाळी कल्याणला गाडी बदलली. तिसऱ्या वर्गात जागा मिळाली, पण ती वळकटीवर. हिवाळ्यात जाणार असाल तर कांबळं जवळ ठेवा. आमचं कांबळं शेजारच्या गृहस्थांनी नाशिकनंतर आपलं समजून पांघरलं. भुसावळला रात्री केळी घेतली, बडनेऱ्याला उजाडलं. तिथून पुढं दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, आणि डब्यात ज्याच्या त्याच्या तोंडी कापसाचा भाव.

वर्ध्याला उतरवून घ्यायला नामदेवराव आले होते. ते कचेरीत कारकून आणि दिनकरच्या मामेभावाचे स्नेही. रात्री काय जेवलात, हा त्यांचा पहिला प्रश्न. केळी खाल्ली म्हटल्यावर त्यांनी टांगेवाल्याकडे असं पाहिलं की जणू आमच्या घरी काहीतरी दुःखद घडलं आहे. "केळं म्हंजे काय जेवण व्हय?" असं म्हणून त्यांनी टांगा पिटाळायला सांगितला. स्टेशनापासून गावात टांग्याचे सहा आणे पडतात. पाहुण्याला ते देऊ देत नाहीत, तेव्हा उगाच खिसा चाचपू नये.

साधी राहणी न्याहारीपासून सुरू झाली. सांबारवडी आली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि तिची वडी चार खाल्ल्यावर थांबणं हा यजमानाचा अपमान समजतात. दुपारी गोळाभात होता: डाळीचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करायचे आणि वर कढत फोडणीचं तेल पळीनं ओतायचं. काकू, म्हणजे नामदेवरावांच्या सौभाग्यवती, पळी आमच्या पानावर धरून विसरून जात. मग झोप. मग संत्री, टोपलीनं. दिनकरनं एकदा दबक्या आवाजात संयमाचा विषय काढला. त्यावर काकू म्हणाल्या, संयम सोमवारपासून, आज शनिवार हाय.

आता रात्रीचं जीवन. जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे झिंगायचं असेल तर जेवणावरच झिंगावं लागतं. आम्ही पाटवडीचा रस्सा खाऊन झिंगलो आणि नामदेवरावांच्या मागून जवळच्या एका वस्तीत खडी गंमत पाहायला गेलो. डफ, तुणतुणं, लुगडं नेसलेला नाच्या आणि रात्रभर उभ्यानं चालणारा खेळ. आठला मालवणारे दिवे पहाटे तीनला पेट्रोमॅक्समध्ये पुन्हा हवा भरून घेत होते. शाहिराला कुणीतरी आमची वर्दी दिली असावी. त्यानं डफ थांबवला आणि आमच्याकडे बोट केलं.

"पुण्याचे पाव्हणे आले जी. ताटात वाटी, वाटीत चमचा, अन् चमच्यात जेवण."

लोक हसून लोळले. दिनकर खजील झाला, पण थोड्या वेळानं पाहतो तर तोही बाकीच्यांबरोबर टाळ्या पिटत होता. खेळ संपल्यावर चहा, पुन्हा चहा, आणि त्याबरोबर भजी. पहाटेची भजी पचतात असं नामदेवरावांनी सांगितलं. ते कचेरीतले असल्यामुळे आम्ही विश्वास ठेवला.

रविवारी दोन तासांच्या झोपेवर मोटारीनं केळझरला. टेकडीवर गणपतीचं देऊळ आहे, वर हवा छान. मुलाखतीसाठी देवाला साकडं घालायचं असं दिनकरला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात खाली आमराईत कुणाच्या तरी नवसाचे रोडगे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवलेले, आणि सोबत मोठ्या हंड्यात शिजलेली वांग्याची भाजी. तिच्या रश्श्याचा रंग पाहून दिनकरनं माझ्याकडे पाहिलं. मी देवळाकडे पाहिलं.

पंगत बसली. रस्सा वाढायला एक म्हातारे गृहस्थ होते, खादीच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातात पितळेची बादली. दिनकरनं पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेवढ्यात म्हातारे समोर उभे.

"लागते का जी?"

आता इथं वाचकांनी नीट लक्ष द्यावं, कारण पुढचं सगळं या एका शब्दावर घडलं. वर्ध्याकडे 'लागते का' म्हणजे 'हवं का'. दिनकरला वाटलं, आपले डोळे पाहून म्हातारे कळवळ्यानं विचारताहेत, तिखट लागतंय का. तो अगदी मनापासून म्हणाला, "लागतंय हो. फार लागतंय."

म्हाताऱ्यांनी द्रोण काठोकाठ भरला. पुढच्या फेरीला तोच प्रश्न, अधिक पाणावलेले डोळे, तेच उत्तर, पुन्हा द्रोण. तिसऱ्या फेरीला मला घोळ कळला. पण माझ्या तोंडात तुपातला रोडगा होता आणि असा घास घाईनं गिळण्याइतका मी काही दिनकरचा जिवलग नव्हतो. पाच द्रोण झाले. पंगतीतले लोक माना वळवून पुण्याच्या पाहुण्याकडे आदरानं पाहू लागले होते.

हात धुताना नामदेवरावांनी सहज सांगितलं, ओळखलं का, बादली घेऊन होते ते उद्याचे तुमचे हेडमास्तर. दिनकरनं तांब्या खाली ठेवला. त्यानं विचारलं, आधी का नाही सांगितलंत?

"सांगतलं असतं तं तुमी जेवले असते का?"

त्या संध्याकाळचं वर्णन मी करणार नाही. ओवा, ताक, गरम पाण्याची पिशवी आणि परसातल्या वाटेवर दिनकरच्या येरझारा. अंधार पडल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, रात्रीच्या गाडीनं परत जाऊ. मी समजूत घालत होतो, तो ऐकत नव्हता. "सुमनला काय सांगू? पाच द्रोण रश्श्यात दोन खोल्या बुडवल्या म्हणून?" यावर मला विनोद सुचला होता. मी तो केला नाही.

सोमवारी आठला मी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. हेडमास्तरांनी आधी अपूर्णांक कसे शिकवाल ते विचारलं. दिनकरनं ते चांगलं सांगितलं. मग ते म्हणाले, "काल पाच येळा घेतला तुमी."

दिनकरनं शब्दाचा घोळ सांगून टाकला. हेडमास्तर हसले नाहीत.

"इथल्या पोरानं काही म्हणलं अन् तुमी असंच भलतं समजले तं?"

"समजेन, सुरुवातीला भलतंच समजेन. पण त्यालाच पुन्हा विचारीन."

"अन् पाचई द्रोण भलतं समजूनच घेतले?"

मी बाकावर दाराच्या बाजूला सरकलो.

"पहिले दोन तसे," दिनकर म्हणाला. "पुढचे तीन आवडले म्हणून."

कागदांची सळसळ झाली. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं. बायको आणि मुलगी, दिनकरनं सांगितलं. "तं मंग घर झाडा लागन," असं म्हणून त्यांनी त्याला जायला सांगितलं.

दिनकर पांढराफटक बाहेर आला. घर झाडायला लागेल म्हणतात, मला घरगडी ठेवताहेत की काय, असं त्यानं मला विचारलं. नामदेवराव फाटकाशी टांगा घेऊन उभे होते. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. अहो गुरुजी, म्हणाले, खोल्या मिळाल्या तुमाले.

त्याच दुपारच्या गाडीनं परतलो. साध्या राहणीवरचे दोन कॉलम मी गाडीत, ढेकर देत, भुसावळच्या आत लिहून काढले. संपादकांना ते फार आवडले. तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला एवढाच: शुक्रवारी उपास करा, मंगळवारी रजा घ्या, आणि पानावर आडवा हात धरायला आधी शिका. रोडग्यांचं तूप, शाहिराचा टोमणा, काकूंची पळी, यांतलं काय जास्त लक्षात राहिलं असं कुणी विचारलं तर कालपर्यंत मी उत्तर देऊ शकलो असतो.

काल दिनकरला आणि त्याच्या घरच्यांना गाडीवर पोचवायला गेलो होतो. दोन ट्रंका, एक पाळणा, खिडकीशी सुमनवहिनी आणि मांडीवर पोर. दिनकर पाणी भरून आणायला गेला तेव्हा वहिनींनी मला जवळ बोलावलं. यांना विचारलं तर हे काहीही सांगतील, म्हणाल्या, तुम्ही जाऊन आलात, खरं सांगा.

"त्या खोल्यांना दार आहे ना? आतून कडी लागते?"

दोन दिवसांत आम्ही काय काय खाल्लं ते मी पानापानाचं सांगू शकलो असतो. खोल्या शाळेच्या मागंच होत्या, पन्नास पावलांवर, आणि मी तिकडे फिरकलोही नव्हतो.

आहे, म्हटलं, चांगली मजबूत आहे. वहिनींनी मान हलवली आणि पोरीला खांद्यावर घेतलं.